घरी हॅमॉक शिवायचाय, कापड कुठलं घेऊ? (जांबोटीच्या मुक्कामासाठी)

ओली_पायवाट (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. जांबोटीच्या पुढे ओळखीतल्यांचं शेत आहे. आंबा, काजू, बांधावर दोन-चार जांभळी. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे अधूनमधून मुक्काम करायचा आमचा बेत आहे. तंबू आहे, पण जमीन उतरती आणि खडकाळ. रात्रभर घसरत घसरत माणूस सकाळी तंबूच्या दाराशी सापडतो. म्हणून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमधे टांगायची झोळी.

भावाकडे ऑनलाइन मागवलेला एक आहे. त्यात दुपारी पुस्तक घेऊन पडायला छान वाटतं, रात्रीची झोप मात्र होत नाही. पाठीची कमान होते, गुडघे उलटे ताणले जातात आणि दोन्ही बाजूंचं कापड खांदे आवळतं. शिवणयंत्र घरात आहे, सरळ शिलाई मला बरी जमते, तर आपणच शिवावा म्हणते.

खडे बाजार आणि गणपत गल्ली पालथी घातली. मांजरपाट, ड्रिल, पॉपलिन, अस्तराचा तफेटा, एका ठिकाणी जॅकेटांचं बारीक चौकडीचं रिपस्टॉप, इतकं दिसलं. एकाने 'पॅराशूटचं कापड' म्हणून काहीतरी गळ्यात मारायचा प्रयत्न केला, ते मला छत्रीचं वाटलं. माझं वजन ६२ किलो, उंची पाच फूट पाच. भाऊ ८५ किलोचा, पावणेसहा फूट. दोघांनाही चालेल असं हवंय. काय घेऊ?

निपाणीकर

कशाला एवढं डोकं लावायलाय ताई? घरात आज्जीची नऊवारी असंलच की. दुहेरी करा, दोन टोकांना दोर आवळा, झाडाला बांधा. आमच्याकडं तंबाखूच्या वावरात पोरं अशाच झोळीत झोपवत्यात, आन् गाढ झोपत्यात.

सुईदोरा (शहापूर)

निपाणीकर, बाळाची झोळी आणि ८५ किलोच्या भावाची झोळी यात फरक आहे वो.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, दुहेरी केली की चार मीटरच्या वर भरते, लांबीची अडचण नाहीच. अडचण पन्ह्याची, म्हणजे रुंदीची. पातळाचा (साडीचा) पन्हा ४५ इंचांच्या आसपास, म्हणजे सव्वा मीटरही नाही. मोठ्या माणसाला त्यात आडवंतिडवं वळायला जागा राहत नाही.

दुसरं म्हणजे जुनं पातळ घडीवर विरतं. ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं असतं ना, त्या घडीच्या रेषेत सूत मेलेलं असतं. उजेडासमोर धरून बघा, रेषा पातळ दिसते. दोन्ही अंगठे त्या रेषेजवळ ठेवून जरा जोरात ओढा. टर्रकन गेलं तर बरंच झालं, झाडावर जाण्यापेक्षा हातात गेलेलं परवडलं. आज्जीचं पातळ वाकळेला (गोधडीला) ठेवा.

चोर्ला_घाट

ताईंनी मूळ दुखणं बरोबर लिहिलंय, पण त्याचं औषध कापडाच्या ताकदीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे आधी विचारतात, 'तुटणार तर नाही ना?' कापड सहसा तुटत नाही. ८५ किलोचं वजन दीड मीटर पन्ह्यावर पसरलं की सेंटीमीटरमागे अर्धा-पाऊण किलो येतं. ते सगळीकडे सारखं बसत नाही हे धरलं तरी साधं पॉपलिन याच्या कितीतरी पट सोसतं. हॅमॉक जातो तो टोकाच्या शिलाईवर, दोरात, गाठीत, नाहीतर कुठल्यातरी काट्याने पडलेल्या बारक्या भोकातून.

झोप बिघडवणाऱ्या गोष्टी तीन. लांबी, पन्हा आणि कापडाचं ताणणं.

लांबी: भावाचा तयार हॅमॉक मोजून बघा, अडीच-पावणेतीन मीटर भरेल. पावणेसहा फुटांच्या माणसाला शिवून झाल्यावर ३.३ मीटर हवी. कापड साडेतीन मीटर घ्या, दोन्ही टोकांच्या दुमडीत थोडं जातं.

पन्हा: दीड मीटर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ५८-६० इंच. हा पन्हा लागतो कारण हॅमॉकात सरळ मधोमध झोपायचंच नसतं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, असं तिरकं झोपायचं. तिरकं झालं की कमान मोडते आणि पाठ बरीचशी सपाट येते. अरुंद कापडात तिरकं झालं की पाय बाहेर, म्हणून माणूस परत मधे येतो आणि परत कमान.

ताणणं: इथे कापडाचा खरा प्रश्न येतो. ताणणारं कापड पडल्या पडल्या गादीसारखं वाटतं. तासाभराने ढुंगणाखाली खड्डा पडतो आणि पोटऱ्यांखाली एक कडक उभी धार येते. सकाळी पोटऱ्या दुखतात ते त्या धारेने.

आता बांधणं. लोक दोन्हीकडून ताणून तारेसारखा सरळ बांधतात, म्हणजे 'खाली लोंबणार नाही'. उलटं आहे. जमिनीला समांतर रेषेपासून पट्टा ३० अंशांवर असला तर प्रत्येक पट्ट्यावर माणसाच्या वजनाएवढाच ताण येतो. ८५ किलोला ८५ किलो. तोच कोन १५ अंशांवर आणला की १६५ किलो, १० अंशांवर २४५ किलो. कापड तेच, माणूस तोच, ताण तिप्पट. शिवाय घट्ट बांधला की कडा दोन्ही बाजूंनी आवळतात, ताईंचे खांदे आवळतात ते बहुतेक यामुळेच.

कोनमापक न्यायची गरज नाही. अंगठा आणि पहिलं बोट काटकोनात ताणून हात पट्ट्यासमोर धरायचा, अंगठा उभा, बोट आडवं. पट्टा अंगठ्याच्या टोकापासून बोटाच्या टोकाकडे जाताना दिसला की साधारण ३० अंश.

आणखी एक. दोन टोकांच्या मधे, डोक्यावरून, एक बारीक न ताणणारी दोरी कायमची बांधून टाका. तिची लांबी हॅमॉकच्या ८३ टक्के. ३.३ मीटरला २ मीटर ७४ सेंटीमीटर. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ दर वेळी तोच येतो. चष्मा आणि बॅटरी अडकवायलाही तीच.

वडगावचा_माग

आमच्या घरात माग आहे, सूत बघतच वाढलोय, म्हणून विणीबद्दल दोन शब्द.

कापडात ताणा उभा, बाणा आडवा. मागावर ताणा ताणलेला असतो, त्यामुळे तो आधीच बराचसा ताणून निघतो. म्हणून हॅमॉकची लांबी ताण्याच्या दिशेनेच काढायची, म्हणजे काठाला समांतर. कोणी कापड वाचवायला आडवं कापून जोड देतात, तसं करू नका. आणि तिरकं तर कुठलंच विणलेलं कापड ताणतं, रबर नसलं तरी. दुकानात तागा हातात घेतला की आधी लांबीत ओढा, मग पन्ह्यात, मग कोपऱ्यातून तिरकं. तिरकं ओढल्यावर जे फार लांबतं आणि सोडल्यावर परत जागेवर येत नाही ते नको.

दुसरी परीक्षा नखाची. कापड मांडीवर घट्ट धरून नखाने आडवं खरवडा. सूत सरकून फट पडली तर वीण विरळ. असल्या कापडाला शिलाई कितीही पक्की घाला, ताण आला की टाक्याजवळचं सूत सरकतं आणि शिलाईच्या कडेला जाळी पडते. धागा तुटत नाही, कापड उसवतं. अस्तराचा हलका तफेटा बहुतेक वेळा इथेच नापास होतो.

मांजरपाट आणि कोरं पॉपलिन घेतलं तर आधी एक रात्र पाण्यात ठेवा, खळ निघू द्या. कोरं सुती कापड मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर सहज आटतं. आधी शिवलं आणि मग धुतलं तर शिलाईला चुण्या पडतात आणि लांबीही जाते.

रिपस्टॉपची चौकडी नक्षी नाही. ठरावीक अंतरावर जाड किंवा दुहेरी सूत घातलेलं असतं. भोक पडलं तर फाटत फाटत त्या सुतापर्यंत येतं आणि अडतं. काटेरी झुडपात त्याचा उपयोग आहे.

ओली_पायवाट

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. भावाचा हॅमॉक मोजला, २.६ मीटर. आणि आम्ही तो तारेसारखाच बांधत होतो 😄

रिपस्टॉप आवडलंय, ५८ पन्हा आहे, हातात अगदी हलकं लागतं. पण ते नायलॉन आहे की पॉलिस्टर हे दुकानदारालाच ठाऊक नाही. 'इंपोर्टेड आहे मॅडम' एवढंच सांगतो. फरक पडतो का? आणि ओळखायचं कसं?

चोर्ला_घाट

पडतो.

नायलॉन मऊ, चिवट, वजनाला हलकं, अंगाला बरं लागतं. पण ताणतं जास्त, आणि हवेतली ओल पितं. वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास ओल नायलॉन धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. कणकुंबीसारख्या ओलसर हवेत संध्याकाळी बेतात बांधलेला नायलॉनचा हॅमॉक पहाटे बराच खाली आलेला असतो. पॉलिस्टर कमी ताणतं, ओल्याने त्याला काही होत नाही, पण थोडं कडक लागतं आणि कुरकुरतं. कडक म्हणजे वाईट नव्हे, वजनदार माणसाला कमी ताणणारंच बरं. भावासाठी पॉलिस्टर, ताईंसाठी दोन्हीतलं काहीही.

तयार हॅमॉकात नायलॉन साधारण ५५ ते ६५ ग्रॅम दर चौरस मीटर वजनाचं असतं, तेवढंच धरा. साडेतीन मीटर गुणिले दीड मीटर म्हणजे सव्वापाच चौरस मीटर, वजन पाव किलोच्या थोडं वर. हेच २५० ग्रॅमच्या ड्रिलमध्ये शिवलं तर सव्वा किलो पार.

एक सांभाळा. सिलिकॉन किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेलं, पाणी न शिरणारं कापड झोपायला घेऊ नका. तोंड लावून फुंकर मारून बघा. हवा आरपार जात नसेल तर ते वरच्या छपराला ठेवा. अंगाचा घाम खाली साचतो आणि पहाटे पाठ ओली गार होते.

कापड_चोपन्न (बेळगाव)

ओळखायची रीत सांगतो, आम्ही दुकानात हेच करतो. काठाचं सूत काढायचं, चिमट्यात धरायचं, काडी लावायची. दुकानाबाहेर, आणि मालकाला विचारून 🙏

सुती असेल तर जळलेल्या कागदाचा वास, राख मऊ, बोटाने उडून जाते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर देतं, कडक काळा मणी राहतो. नायलॉनही वितळतं, पण धूर फारसा काळा नसतो आणि मणी करडा-बदामी होतो. थेंब हातावर पडू देऊ नका, चामडी सोलते.

'पॅराशूट' म्हणून जे विकलं जातं ते नाव आहे, जात नाही. गिऱ्हाईकाने पन्हा विचारावा, मीटरचं वजन विचारावं, फुंकर मारून बघावी. नावावर जाऊ नये.

खानापूर_लोकल

कापडाचं चालू दे, पण झाडांचं कोणीच बोलेना म्हणून लिहितो. आमचा हा भाग आहे.

काजूला बांधू नका. खोड वाकडं, फांद्या खालूनच फुटलेल्या, बेचक्यातून चिरते. शेवगा आणि पांगारा तर बघूच नका. आंबा, जांभूळ, फणस, ऐन, किंजळ चालतील, खोड सात-आठ इंच जाड तरी हवं आणि जिवंत हवं. झाड निवडलं की आधी वर बघायचं. वाळकी फांदी लटकलेली असेल तर दुसरं झाड. आंब्याच्या जुन्या झाडात वाळकी लाकडं फार असतात आणि पहाटेच्या वाऱ्याला पडतात.

सुंभ किंवा नायलॉनची बारीक दोरी थेट खोडाला नको, साल कापते. शेतमालक एकदा गप्प बसतो, दुसऱ्यांदा येऊ देत नाही. इंचभर रुंद पॉलिस्टरचा पट्टा घ्या, बॅगा आणि सीटकव्हरं शिवणाऱ्यांकडे मिळतो. खाटेची जुनी नवार कितीही जाड दिसली तरी नको, ती आतून कुजलेली असते.

उंची गुडघ्याएवढी ठेवा. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट. पडलात तरी दीडच फूट पडाल.

आता दोन गोष्टी ज्या लोकांना आवडत नाहीत. आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि अस्वलं आहेत. खाजगी शेतातच राहा, मालकाला सांगून.

दुसरं, गोचीड. माकडताप हा आजार १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून इंग्रजीत त्याला त्या जंगलाचंच नाव आहे. पुढे तो आपल्या शेजारी दोडामार्ग आणि सत्तरीपर्यंत आला. पसरवतात गोचिड्या, आणि त्यांचा जोर याच कोरड्या महिन्यांत, तुमचा मुक्काम आहे त्याच वेळी. हॅमॉकचा मोठा फायदा हाच की पालापाचोळ्यावर झोपायला लागत नाही. पण चढता-उतरताना पाय त्याच पाचोळ्यात. मोजे पँटवर ओढा, चपला उलट्या करून झटका, झोपताना काखा, कमर, गुडघ्यामागचा भाग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला जाऊ नका आणि आरोग्य केंद्रात कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा.

ओली_पायवाट

खानापूर_लोकल, मनापासून आभार. यातलं गोचिडीचं आमच्या डोक्यातही नव्हतं. मोठी जांभळं दोन आहेत, मधे पंधरा फुटांच्या आसपास अंतर आहे, तिथेच बांधू.

डास आणि थंडी राहिली. जानेवारीत तिकडे पहाटे फार गारठतं.

मलप्रभा_काठ

थंडी हॅमॉकात खालून येते, हे पहिल्यांदा झोपणाऱ्याला पटत नाही. जमिनीवर झोपलं की खाली माती असते. इथे खालून वारा फिरतो, आणि पांघरुणाचा अंगाखाली दबलेला भाग ऊब धरतच नाही, कारण ऊब कापसात नसते, त्यातल्या हवेत असते आणि ती हवा आपण दाबून बाहेर काढलेली असते. वीस अंशांच्या खाली गेलं की पाठ आणि कंबर कुडकुडते, वर दोन रजया घेतल्या तरी.

आमचा उपाय गावठी आहे. वाकळ हॅमॉकच्या *बाहेरून*, खालच्या अंगाला बांधतो. चार कोपऱ्यांना नाड्या, त्या दोन्ही टोकांच्या दोराला. वाकळ हॅमॉकला अलगद टेकली पाहिजे, लोंबकळून खाली फट राहिली तर वारा शिरतो, आणि घट्ट ओढली तर परत दबते. वजनाला भारी आहे, पाठीवर घेऊन फिरणाऱ्याने करू नये. गाडीने जाणाऱ्याला उत्तम. दव पडतं त्या रात्री वर छप्पर हवंच, भिजलेली वाकळ दुपारपर्यंत वाळत नाही.

सुईदोरा (शहापूर)

मलप्रभा_काठ, वाकळेची युक्ती झकास.

डासांसाठी आणि थंडीसाठी मिळून एक सुचवते: दुहेरी कापड. पातळ एकेरी कापडातून डास खालून चावतो, अंग कापडाला चिकटलेलंच असतं. दोन थर घेतले तर सोंड पोचत नाही. दोन्ही थर लांबीच्या कडांना एकत्र शिवायचे, एका कडेला मधे दोन-अडीच फूट मोकळं सोडायचं. तिथून योगाची चटई किंवा फोमचा तुकडा आत सरकवता येतो. नुसती चटई एकेरी हॅमॉकात घातली तर रात्रीतून निसटून कडेला जाते, दोन थरांत घातली की जागेवर राहते.

गोकाक_फॉल्स

मधेच विचारतो. दोन्ही टोकांना आडवी काठी घातली तर कापड पसरलेलं राहील ना? हॉटेलांच्या बागेत असतात तसे. मग चुण्या नकोत, तिरकं झोपायला नको.

चोर्ला_घाट

फोटोत छान दिसतो. काठीने कापड सपाट होतं, पण ते सपाट ठेवायला घट्ट ताणावं लागतं, आणि माणूस टांगलेल्या दोन बिंदूंच्या रेषेजवळ किंवा वरच येतो. कूस बदलली की उलटतो. चुण्यांच्या झोळीत आपण त्या रेषेच्या बरेच खाली असतो, त्यामुळे हललो तरी ती स्वतःच सरळ होते. बागेत फोटोला काठीवाला, झोपायला साधा.

निपाणीकर

म्हंजे आमची नऊवारीची झोळीच खरी की वो शेवटाला. नुसता पन्हा वाढवा म्हणायलाय 😀

चोर्ला_घाट

निपाणीकर, तुमचं म्हणणं मान्य. पातळ फक्त नवं घ्या.

ओली_पायवाट

परवा बाजारात परत जाऊन आले. नखाची परीक्षा, फुंकर, काडी, सगळं केलं. एका दुकानदाराने विचारलं, 'मॅडम, कापड घेऊलालाय की लॅबोरेटरीत देऊलालाय?'

रिपस्टॉप नायलॉन निघालं, नखाला पास झालं, फुंकर आरपार गेली. तफेटा नखाला नापास. ड्रिल पक्कं, पण जडशीळ. चादरींसाठीचं सुती पॉपलिन मोठ्या पन्ह्यात मिळालं, वीण दाट, तिरकं ओढलं तरी फारसं लांबत नाही.

आणि मी पॉपलिनच घेतलं, दुहेरी करायला सात मीटर. कारण लिहिते, कोणाला पटणार नाही बहुतेक. आम्ही शेतापर्यंत गाडीनेच जातो, त्यामुळे पाव किलो की सव्वा किलो याने काही बिघडत नाही. मुक्काम पावसाळ्यात नाही, दवापुरतं छप्पर आहे. आणि शेतावर गेलो की शेकोटी होतेच. ठिणगी नायलॉनवर पडली तर भोक वितळून मोठं होतं, सुतीवर पडली तर काळा डाग पडतो आणि हाताने झटकता येतो. शिवाय उघड्या हाताला थंडीत सिंथेटिक गार लागतं, ते मला नको वाटतं.

चोर्ला_घाट

तुमच्या वापराला चालेल, शेकोटीचा मुद्दा बरोबर आहे. तरी माझा विरोध नोंदवून ठेवतो. सुती कापड स्वतःच्या वजनाच्या ८ टक्के ओल कोरड्यातही धरतं, आणि एकदा भिजलं की त्या हवेत दोन दिवस वाळत नाही. ओलंच गुंडाळून ठेवलं तर भुरी येते, सूत कुजतं. घरी आल्यावर त्याच दिवशी पसरा. जूनमध्ये चोर्ल्याला यायचं ठरलं तर पॉलिस्टरचा वेगळा शिवा.

वडगावचा_माग

विरोधाला विरोध: सुती सूत ओलं झालं की जास्त मजबूत होतं, नायलॉन ओल्यात थोडं कमजोर पडतं. आणि नायलॉन उन्हात मरतं. गॅलरीत वर्षभर टांगून ठेवलेल्या नायलॉनवर मी तरी बसणार नाही.

(वाळायला वेळ लागतो हे मात्र खरंच.)

मलप्रभा_काठ

छपराबरोबर एक छोटी गोष्ट. दव किंवा पाऊस पट्ट्यावरून ओघळत हॅमॉकच्या टोकापर्यंत येतो आणि कापड ते पाणी ओढून घेतं. सुती असेल तर जास्तच. टोकाच्या थोडं अलीकडे, छपराच्या आत, पट्ट्याला सुतळीचा वीतभर तुकडा बांधून खाली लोंबता सोडा. पाणी तिथूनच गळून जातं.

ओली_पायवाट

बांधते.

कापड रात्रभर भिजवून, धुऊन वाळलंय. साडेतीन मीटरमागे पंधरा सेंटीमीटर आटलं, वडगावचा_माग यांचा हिशोब बरोबर निघाला. आता शिलाईचं विचारते. सुईदोराताई, टोकाला दोर ओवायची नळी किती रुंद ठेवू? धागा कुठला? आणि झोपल्यावर कडा सैल फडफडत तोंडावर येतात, भावाच्या हॅमॉकलाही येतात. त्याला काही करता येतं का?

सुईदोरा (शहापूर)

पंधरा सेंटीमीटर आटलं म्हणजे हातात ३.३५ मीटर. दुमडी गेल्यावर सव्वातीन राहील. भावालाही पुरेल. डोक्यावरची दोरी २ मीटर ७० करा.

धागा पॉलिस्टरचा, सुती रीळ नको. सुई दुहेरी पॉपलिनला १४ नंबर. पुढे रिपस्टॉप शिवाल तेव्हा ११ नंबरची नवी सुई घ्या, बोथट सुई बारीक कापडाला भोकं पाडते. टाका मध्यम ठेवा. फार बारीक टाक्याने भोकांची ओळ जवळजवळ येते आणि कापड त्या रेषेत फाटतं.

लांबीच्या कडांना अर्धा इंच दुहेरी दुमड, एक शिलाई पुरे, तिथे ताण कमीच असतो. टोकांना आधी अर्धा इंच आत मोडा, मग दीड इंच मोडून नळी करा. नळीवर तीन ओळी शिलाई, ओळींत पाव-पाव इंच अंतर, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला-शेवटी मागेपुढे शिवून पक्की करा. सगळा भार याच तीन ओळींवर आहे, इथे घाई नको. नळीतून पाच-सहा मिलिमीटरचा विणलेला पॉलिस्टर दोर ओवा, त्याचा फास करून कापड पूर्ण चुणून घट्ट आवळा. दोर साध्या गाठीने आखडू नका. गाठीत दोराची ताकद जवळजवळ अर्धी होते, म्हणून दोर वजनाच्या मानाने बराच जाड घ्यायचा.

कडा फडफडतात त्याचं असं. चुणताना सगळं कापड एकसारखं गोळा करू नका. आधी दोन्ही कडा पकडून मधल्या भागापेक्षा चार बोटं बाहेर ओढून घ्या आणि तशाच धरून दोर आवळा. मग कडा ताठ राहतात आणि मधे अंगापुरता झोळ पडतो. पहिल्यांदा दोन बोटांनीच सुरुवात करा, टांगून झोपून बघा, कमी वाटलं तर सोडून परत आवळा. दोर ओवलेला असल्यामुळे काही उसवायला लागत नाही. आणि पहिल्या वेळी खाली गादी टाका, आधी हाताने दाबा, मग बसा, मग आडवं व्हा. भावाला शेवटी बसवा.